विणेकरी बाबांचं अक्षर आणि ट्रकची पाटी

(शताब्दी सोहळ्यात मंदिराच्या सभामंडपात झालेलं भाषण, बोललं तसंच उतरवून घेतलेलं)



समोर बसलेली वडीलधारी मंडळी, टाळकरी, पखवाजवादक, विणेकरी बुवा, आणि पंगतीची भांडी आवरून आत्ता कुठं टेकलेल्या माझ्या मायबहिणी, सगळ्यांना दंडवत. मी कीर्तनकार नाही की प्रवचनकार नाही. पाट्या रंगवणारा माणूस. पत्र्याला रेड ऑक्साईड मारायचं, नीळ लावलेली दोरी ताणून रेघ मारायची आणि चपट्या ब्रशनं अक्षर काढायचं, यात माझा जन्म गेला. आपल्या दिंडीच्या ट्रकची पाटी मी रंगवतो, म्हणून समितीनं मला हा विषय दिला. नाहीतर या जागी माझ्यासारख्याला कोण उभं करतंय?

विषय असा आहे. आपल्या दिंडीचे पहिले विणेकरी बाबा, त्यांच्या हातची अभंगांची वही मंदिराच्या पेटीत आहे. बोरूनं लिहिलेली, कडा झिजलेल्या, पण अक्षर अजून काळंभोर. तरुण मंडळींनी सुचवलं की या अक्षराचा संगणकावर फाँट करून घ्यावा आणि शताब्दीचं सगळं त्याच अक्षरात छापावं. कमान, निमंत्रण, ट्रकची पाटी, तंबूंवरचे फलक, हरिपाठाची पुस्तिका, सगळं. कल्पना गोड आहे. पण गोड किती आणि कुठल्या पानावर वाढायचं हे पंगतीत वाढणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. तेवढ्यापुरतं बोलतो.

फाँट म्हणजे काय, हे मागच्या ओळीतल्या आज्ज्यांसाठी सांगतो. नातू मोबाइलवर 'क' दाबतो आणि 'क' उमटतो ना, तो 'क' कुणीतरी आधी काढून ठेवलेला असतो. सगळी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, अशा एका वळणाच्या सबंध संचाला फाँट म्हणतात. काही साधे असतात, रोजच्या वाचनाचे. काही सजलेले असतात, बोरूनं किंवा ब्रशनं लिहिल्यासारखे दिसणारे. लग्नपत्रिकेवर, मंदिराच्या कमानीवर, दिवाळीच्या शुभेच्छांवर दिसतात ते हे.

ते सुंदर का दिसतात, याचं मूळ बोरूत आहे. बोरूची काडी वाळवायची, टोक तिरकं कापायचं, मधे चीर द्यायची, म्हणजे शाई बेतानं उतरते. शाई काजळाची, त्यात डिंक. टोक तिरकं असल्यामुळं हात जसा वळेल तशी रेघ आपोआप जाड होते, बारीक होते. ती जाडी कुणी मागाहून भरलेली नसते, ती चालण्यातून येते. पावली खेळताना पाय कुठं जोरात पडतो, कुठं नुसता टेकतो, तसंच. म्हणून हाताच्या अक्षराकडं बघताना नुसता आकार दिसत नाही, लिहिणारा चालताना दिसतो.

आणि आपल्या संप्रदायात लिहिणाऱ्याला कमी मान नाही, हे इथं सांगायला हवं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली गेली. माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा आदरानं लिहून घेत होते. त्यांचं नाव ग्रंथाच्या शेवटी आहे. तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक म्हणून संताजी महाराज जगनाडे यांचं नाव आपण घेतो. जनाबाईचे अभंग तर देवानं स्वतः बसून लिहिले, अशी आपली परंपरा सांगते. देवाला लेखणी धरायला लावणारा हा संप्रदाय आहे! पण त्याच परंपरेत दुसरीही गोष्ट आहे. एका वहीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या की अक्षर चुकीचं वाचलं जातं आणि पाठ बदलतो. शेवटी शके १५०६ मध्ये नाथ महाराजांना बसून ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. अक्षर नीट वाचता न येणं ही आपल्याकडं किरकोळ गोष्ट नाही.

जुन्या पोथ्यांत चूक झाली तर त्या जागी पिवळी हरताळ फासायचे आणि वर पुन्हा लिहायचे. 'केल्या कामावर हरताळ फासला' असं आपण म्हणतो ते तिथून आलंय. फ्लेक्सवर हरताळ फासता येत नाही. छापला की छापला.

छापखान्याची गोष्ट मोठी आहे, मी थोडक्यात उरकतो. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. शिळाछापात हातानं लिहिलेलंच दगडावरून कागदावर उतरतं, म्हणून छापील असूनही ते हातचंच दिसायचं. मग जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना, १८६९ सालचा. तिथले खिळे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. धातूचे खरे, पण त्यांच्यातही बोरूचा जाड-बारीकपणा शाबूत आहे. आणि त्याच सुमाराला, १८६९ आणि १८७३ साली, जुन्या वह्या ताडून पाहून तुकोबांच्या गाथेचे दोन भाग इंदुप्रकाश छापखान्यात छापून झाले. म्हणजे हाताचं अक्षर सोडून छापाकडं जायला आपण घाबरलो नाही. वाचणारे वाढले, एवढं पाहिलं.

आता हाताच्या अक्षराचा फाँट कसा करतात ते ऐका. कलाकार एकेक अक्षर कागदावर पुन्हा पुन्हा लिहितो. त्यातलं बरं निवडून संगणकात घेतात, त्याच्या कडा बारकाईनं आखतात. आपली व्यंजनं ३४. प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ रूपं झाली, आणि जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. संगणकात काना-मात्रा वेगळ्या ठेवता येतात हे खरं, पण प्रत्येक अक्षरावर ती मात्रा कुठं बसणार हे कुणीतरी ठरवावं लागतं. 'क'वरची मात्रा आणि 'ट'वरची मात्रा एका जागी बसत नाहीत. त्यातून शिरोरेघ! हातानं लिहिताना रेघ थोडी वर गेली, थोडी खाली आली, तरी चालतं. फाँटमध्ये कुठलं अक्षर कुणाशेजारी येईल हे आधी माहीत नसतं. म्हणून मधे रेघ कितीही डुलो, दोन्ही टोकं नेमक्या उंचीवर यावी लागतात, नाहीतर प्रत्येक अक्षरापाशी फट पडते. हे काम जीव ओतून करणारी माणसं आहेत. प्राध्यापक र. कृ. जोशी हे थोर सुलेखनकार, पण संगणकावरचा 'मंगल' हा अगदी साधा, रोजच्या वापराचा फाँट त्यांनी केलेला आहे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मोडी आणि देवनागरीच्या वळणातून मुक्तलिपी काढली. कॅथरीन ली श्मिट नावाच्या बाईंनी मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्या पाहून एक फाँट केला, त्याचं नाव 'यात्रा वन'. यात इंग्रजी अक्षरंसुद्धा आपल्या देवनागरीच्या वळणावर नेलीत, हे मला पेंटर म्हणून फार आवडतं. एरवी उलटंच चालतं. इंग्रजीचं वळण घ्यायचं आणि आपल्या अक्षराला तसं वाकवायचं.

पण दुकानात मिळणारा प्रत्येक सजलेला फाँट असा जीव लावून केलेला नसतो. तो पारखायचा कसा? मला विचाराल तर वारकऱ्याइतकी सोपी कसोटी दुसऱ्या कुणाकडं नाही. आपलीच नावं लिहून बघायची.

पहिलं विठ्ठल. यात 'ठ'ला 'ठ' जोडलाय. चांगल्या फाँटमध्ये तो नीट जोडून येतो. आळशी फाँटमध्ये पहिल्या 'ठ'चा पाय मोडून ठेवतात. देव अठ्ठावीस युगं विटेवर ताठ उभा, आणि आपण त्याच्या नावातल्या अक्षराचा पाय मोडायचा? शेवटचा 'ल'ही बघा. मराठीचा 'ल' पाकळीचा, हिंदीचा दांड्याचा. 'श'चंही तसंच, आपला देठाचा. २००९ साली शासनानंही वर्णमालेच्या निर्णयात ही मराठी रूपं सांगितली आहेत. फाँट हिंदीसाठी केलेला असला तर हे दोघं पाहुण्यासारखे दिसतात. त्यात दोष काही नाही, पण आपल्या कमानीवर आपले घरचे असावेत.

मग आळंदी. 'ळ' कसा काढलाय ते बघा. ज्याला हे अक्षर बोलायला लागत नाही, तो ते कसंबसं गाठ मारून मोकळा होतो. मग ज्ञानेश्वर, रुक्मिणी, कृष्ण. मग पंढरी आणि पांडुरंग, अनुस्वारासाठी. सजलेल्या फाँटमध्ये वेलांटीचं शेपूट पुढच्या अक्षरावरून लांब नेतात. दिसायला झोकदार. पण ते शेपूट शेजारच्या टिंबाला गिळतं, आणि पुंडलिकाचा पुडलिक होतो.

आणि सगळ्यात अवघड शब्द म्हणजे आपणच. वारकऱ्यांचा. यात 'ऱ्य' आहे, त्याचा 'र' आडवा, कोयरीसारखा 'य'ला चिकटतो. हा 'र' मराठीत हवाच हवा. पुष्कळ सजावटी फाँटमध्ये तो नसतोच, मग त्याच्या जागी डोक्यावरचा रफार टाकून 'वारकर्यांचा' करून देतात. वाचताना जीभ अडखळते. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आमच्याच भटारखान्याबाहेर मागं एक फलक लागला होता. लिहायचं होतं 'आचाऱ्यांना सूचना : कांदा-लसूण वापरू नये'. छापून आलं 'आचार्यांना सूचना'. आता कुठल्या आचार्यांना सांगणार होतो आपण? पंगतीत हसून पुरेवाट झाली, पण रफार आणि कोयरी यांत केवढा फरक आहे ते सगळ्यांना कळलं.

फ्लेक्सच्या दुकानात जाणाऱ्या पोरांसाठी आणखी एक. विचारा, फाँट युनिकोडचा आहे का. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर अभंगाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. आपली जुनी भजनांची यादी अशीच अडकलीय. मजकूर आत आहे, वाचता येत नाही. पेटीला कुलूप आणि किल्ली हरवलेली.

आता हरिपाठाच्या पुस्तिकेकडं येतो. इथं माझं मत स्पष्ट आहे, कुणाला कडू लागलं तरी. सजलेल्या अक्षरात हरिपाठ छापू नये. सजलेलं अक्षर चार शब्दांसाठी असतं, मोठ्या आकारात. तेच बारीक करून पानभर छापलं की वळणं एकमेकांत अडकतात. आपल्या दिंडीत पुस्तिका हातात धरणारे कोण? ज्यांना हरिपाठ पाठ आहे ते नव्हेत. साठीनंतर पहिल्यांदा वारीला आलेल्या मावशी, कमी शिकलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या. कंदिलाच्या नाहीतर ट्रकच्या दिव्याच्या उजेडात त्या एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचतात. बोट थांबलं की आवाज थांबतो. मग त्या शेजारणीच्या तोंडाकडं बघत नुसते ओठ हलवतात. त्यांना आपण शताब्दीची भेट म्हणून हे द्यायचं?

समर्थांचा संप्रदाय आपल्याहून वेगळा, पण दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, तो प्रत्येक छापणाऱ्यानं वाचावा. तरुणपणी फार बारीक लिहून ठेवलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावं, असं त्यात सांगितलंय. लिहिणारा आज कसा बघतो याच्यावर नव्हे, वाचणारा उद्या कसा बघेल याच्यावर अक्षराचा आकार ठरवलाय. तेव्हा पुस्तिका साध्या, ठळक, मोठ्या अक्षरात. वरती नुसतं 'हरिपाठ' हे नाव बाबांच्या वळणात द्या, मी आनंदानं नमस्कार करीन.

ट्रकच्या पाटीचं त्याहून कडक. दिवे घाट चढून सासवडला उतरल्यावर तळावर काय असतं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. अंधार पडत आलेला, शेकडो ट्रक, टँकर, तंबू, धूळ. एखादी म्हातारी पाणी प्यायला थांबते आणि दिंडी पुढं जाते. तिच्याकडं मोबाइल नाही, असला तर बंद पडलेला. तिला फक्त दिंडीचा क्रमांक आणि गावाचं नाव माहीत. ती एकेक ट्रक बघत येते. पाटीवर 'रथामागे ९' आहे की 'रथामागे १' आहे, एवढं तिला लांबून कळलं पाहिजे. मराठी एक आणि नऊ सख्खे भाऊ आहेत, बोरूच्या झोकात काढले तर जुळे होतात. चुकलेली बाई सोबत्यांना भेटेपर्यंत तिचे पाय किती चालले ते तिलाच माहीत. म्हणून मी पाटी रंगवली की रस्ता ओलांडून पलीकडं जातो आणि डोळे अर्धे मिटून बघतो. तेव्हा वाचता आली तरच ती पाटी. पिवळ्यावर काळं, अक्षरांत मोकळी जागा, आणि कसलीही वेलबुट्टी नाही.

राहिली बाबांची वही. समितीनं ती मला महिनाभर बघायला दिली. मी पानं मोजली नाहीत, अक्षरं मोजली. 'ज्ञ' सुरेख आहे, 'ळ' तर असा की बघत राहावं. पण वहीत 'ङ' आणि 'ञ' सुटे कुठंच नाहीत. 'ऑ' नाही, 'ॲ' नाही. अभंगात कशाला येतील? किती तरी जोडाक्षरं नाहीत. फाँट पुरा करायचा तर ही अक्षरं दुसऱ्या कुणाला तरी बाबांच्या वळणावर काढावी लागणार. ते करायला हरकत नाही, पण मग त्याला 'बाबांचं अक्षर' म्हणू नका, 'बाबांच्या वहीवरून केलेलं' म्हणा. शिवाय बाबांचा एक 'वि' दुसऱ्या 'वि'सारखा नाही. सकाळी लिहिलेला वेगळा, पानाच्या तळाशी हात थकल्यावर लिहिलेला वेगळा. फाँटमध्ये एक निवडला की दर वेळी तोच येणार. करणाऱ्याला सांगून मुख्य अक्षरांची दोन-तीन रूपं घालून घ्या, तशी सोय असते. जरा खर्च वाढेल.

आणि आता जे मला रात्री जागवतं ते सांगतो. फाँट एकदा झाला की त्यात काहीही लिहिता येतं. ज्या हातानं आयुष्यभर अभंग उतरवले, त्या हाताच्या अक्षरात चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल. साड्यांच्या सेलची जाहिरात लागेल. निवडणुकीत कुणाला तरी पाडा असं लिहिलं जाईल. त्याहून वाईट म्हणजे, बाबांनी कधी न लिहिलेलं वाक्य त्यांच्या अक्षरात छापून कुणी म्हणेल, बघा, जुन्या वहीत असं होतं. दिंडीच्या चालीवरून, मानावरून वाद आपल्याला नवीन नाहीत. पुरावा म्हणून असा कागद पुढं आला तर आपली नातवंडं काय करतील?

यावर मंडळींत दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, मग फाँट करूच नका. मी त्या मताचा नाही. वही पेटीत ठेवली तर कसर खाणार आहे, अक्षर जगलं पाहिजे. काही जण म्हणतात, करा आणि सगळ्यांना फुकट वाटा, हरिनामाला कुलूप कसलं? हे ऐकायला बरं वाटतं, पण हरिनाम आणि एका माणसाचा हात या वेगळ्या गोष्टी आहेत. नाम सगळ्यांचं. हात ज्याचा त्याचा, आणि बाबा आज हो-नाही म्हणायला नाहीत.

माझं मागणं असं. आधी वहीच्या पानापानाचे चांगले फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे खरं काय होतं हे कायम दाखवता येईल. मग दिंडीचं नाव, 'हरिपाठ', 'शताब्दी सोहळा', 'रामकृष्ण हरी' अशी थोडी नावं वहीतल्याच अक्षरांनी जुळवून पक्की करून घ्या. कमानीला, पताकेला, अंकाच्या मुखपृष्ठाला तेवढी पुरतात. ज्याला फाँट म्हणतात तो सबंध संच करायचा की नाही, हे घाईनं ठरवू नका. बाबांच्या घरची मंडळी इथं बसली आहेत. त्यांचा शब्द आधी घ्या, ठरावात लिहा, आणि संच झालाच तर तो कुणाच्या ताब्यात राहील तेही लिहा. आषाढीच्या आधी होत नसेल तर कार्तिकीला ठरवा.

ट्रकची पाटी मात्र थांबणार नाही. पत्रा घासून झालाय, रंग आणलाय, मंगळवारी सकाळी मंदिराच्या मागं काम काढतोय. माझी शिडी मोडलीय, कुणाची चांगली असेल तर पाठवून द्या. आणि दोन मावशींनी चष्मा न लावता रस्त्याच्या पलीकडं येऊन उभं राहावं, वाचता येतंय का सांगायला.

रामकृष्ण हरी.